मोटरसायकलचा बेंड पाइप आणि सायलेन्सर नीट कसा बसवावा

पावसाळा ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की मुंबईतल्या पुष्कळ मोटरसायकली सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक कोरडा, बारीक ‘टक्-टक्’ आवाज करू लागतात. बहुतेकांना तो टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटीचा, वाटतो आणि गाडी टॅपेट सेट करायला जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या १५० सीसीच्या गाडीचे असेच झाले. एका गॅरेजमध्ये दोनदा टॅपेट सेट करून झाले, पैसे गेले, आवाज मात्र तसाच राहिला. शेवटी मी गुडघ्यावर बसून टॉर्चने पाहिले तेव्हा हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि बेंड पाइप (त्यातून धूर सायलेन्सरकडे नेणारी वाकडी नळी) जिथे जुळतात तिथे एका बाजूला काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला. दोन नटांपैकी एक सैल झाला होता. मी पाना घेतला आणि हातात होता तेवढा जोर लावून तो आवळला. स्टड, म्हणजे हेडमध्ये रुतलेला आट्यांचा दांडा, मुळापासून तुटला. पाच मिनिटांचे काम तीन दिवसांवर गेले, आणि आज जे सविस्तर लिहितो आहे ते शिकायची सुरुवात तिथून झाली.

या सगळ्या कामाचे सूत्र एवढेच आहे की पाइप आपल्या जागेवर स्वतःहून, विनाताण बसला पाहिजे. नट आणि बोल्ट त्याला तिथे धरून ठेवण्यासाठी असतात, त्याला ओढून आणण्यासाठी नसतात. पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण या वाक्यात सापडेल.

हवा निसटल्याने काय बिघडते

चार स्ट्रोकचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर शांत चालत असते तेव्हा ते दर दुसऱ्या फेरीला एकदा, म्हणजे मिनिटाला ७०० वेळा, धूर बाहेर फेकते. पाइपमध्ये सेकंदाला सुमारे बारा धक्के येतात आणि प्रत्येक धक्क्यामागोमाग क्षणभर दाब कमी होतो. सांध्यात फट असेल तर धक्क्याच्या वेळी गरम वायू बाहेर निसटतो आणि दाब उतरला की बाहेरची हवा आत ओढली जाते. ही आत आलेली हवाच पुढच्या त्रासाचे मूळ आहे. एक्सलेटर सोडल्यावर पाइपमध्ये उरलेले न जळलेले पेट्रोल तिच्यामुळे तिथेच पेटते आणि उतारावर ‘फट्-फट्’ असे बार ऐकू येतात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकानंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये प्रश्न आणखी वाढतो. त्यांच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या अलीकडे फट असली तर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोहोचतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असा कॉम्प्युटरचा समज होतो आणि तो जास्त पेट्रोल सोडू लागतो. ॲव्हरेज घसरते, आणि कारण एका सैल नटात दडलेले असते.

मुंबईत हा सांधा लवकर का बिघडतो हेही समजून घेण्यासारखे आहे. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि स्टड पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापून थंड होताना स्टडवर ताण येतो आणि उतरतो. दादर ते अंधेरी अशा सिग्नलनी भरलेल्या रस्त्यावर इंजिन रोज तापते. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. तापलेल्या पाइपवर सबवेतले साचलेले पाणी उडते, नटाच्या आट्यांत मीठ आणि गंज बसतो, आणि दोन वेगळे धातू ओल्या मिठाच्या संगतीत असले की गंजण्याचा वेग वाढतो. वरळी सी-फेसला किंवा वर्सोव्याला रोज रात्री उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि ठाण्याच्या आतल्या भागात छपराखाली राहणारी गाडी यांच्या स्टडकडे पाहिले की फरक लगेच कळतो.

सुरुवात करण्यापूर्वी

खोलायला घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवावे. थंड इंजिन सुरू केल्यावर आवाज मोठा असेल आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर तो बहुधा सांध्यातून निसटणाऱ्या वायूचा असतो, कारण धातू प्रसरण पावल्यावर फट थोडी बुजते. दुसरी खूण काजळीची. काजळी ज्या दिशेला पसरली असेल त्याच बाजूला फट असते.

पाने लागतील ते साधे आहेत. लहान गाड्यांच्या हेडवर बहुधा सहा मिलिमीटरचे स्टड असतात आणि त्यांच्या नटाला १० नंबरचा पाना बसतो. मोठ्या गाड्यांवर आठ मिलिमीटरचे स्टड असतात आणि तिथे १२ किंवा १३ नंबरचा पाना लागतो. उघड्या तोंडाचा पाना इथे वापरू नये. गंजलेल्या नटाचे कोपरे त्याने गोल होतात, म्हणून सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना घ्यावा. याशिवाय पितळी तारांचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी), थोडे ग्रीस, सुती फडके आणि टॉर्च एवढे सामान पुरते.

टॉर्क पाना, म्हणजे नटावर पिळण्याचा जोर (टॉर्क) किती पडतो ते न्यूटन-मीटरमध्ये मोजणारा पाना, विकत घ्यायचा असेल तर तो लहान मापाचा घ्यावा. चाकांचे नट आवळण्यासाठी गॅरेजवाले वापरतात तो मोठा टॉर्क पाना १० न्यूटन-मीटरला उपयोगाचा नाही, कारण त्याची मोजणीच त्यापुढे सुरू होते. ५ ते २५ न्यूटन-मीटर मोजणारा, पाव इंची चौकोनाचा पाना या कामाला योग्य. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत असे पाने मिळतात आणि नट, वॉशर, स्टडही सुटे मिळतात. काम झाल्यावर त्याचे माप सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे आणि त्याने कधीही नट सोडवू नये.

नवा गॅस्केट, म्हणजे हेड आणि पाइप यांच्यामधली फट बुजवणारी कडी, मात्र गाडीच्या मॉडेलचाच आणावा. मेकॅनिक त्याला सायलेन्सर वॉशर म्हणतात. तो चेपून बसण्यासाठीच बनवलेला असतो आणि एकदा चेपला की पुन्हा तशी पकड देत नाही. पूर्वी निव्वळ तांब्याचे वॉशर लाल होईपर्यंत तापवून मऊ करत आणि पुन्हा वापरत. तांब्याच्या बाबतीत ती रीत खरी आहे, तापवून थंड केलेले तांबे मऊ होते. पण आजच्या बऱ्याच वॉशरांत पातळ पत्र्याच्या आत दुसरे भरण असते आणि त्यांना तापवून काही साधत नाही. वॉशरची किंमत पाहता जुना वापरण्यात शहाणपण नाही.

जुना पाइप काढणे

गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर घ्यावी. नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, सकाळी पुन्हा लावावे. घाई असणाऱ्यांना ही एक रात्र जड वाटते, पण तुटलेला स्टड काढायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो. इंजिन हाताला सोसवेल इतपत कोमट असताना नट सोडवावेत, भाजेल इतके गरम असताना मुळीच नाही.

पाना पूर्ण बसवून हळू जोर लावावा. नट हलला की लगेच गरागरा फिरवू नये. पाव फेरी सोडवावा, मग किंचित उलट आवळावा, पुन्हा सोडवावा. असे पुढे-मागे केल्याने आट्यांतला गंज चुरा होऊन बाहेर पडतो. नट सोडवताना रबरासारखा लवचिक वाटू लागला, म्हणजे हात फिरतो पण नट सुटल्याची जाणीव होत नाही, तर तिथेच थांबावे. त्या क्षणी स्टड पिळला जात असतो. पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणे, नाहीतर नटाला उष्णता देणे हेच मार्ग. पेट्रोलच्या टाकीखाली उष्णता देण्याचे काम घरी करू नये, ते जाणत्या माणसाकडे सोपवावे.

कधी नटाबरोबर अख्खा स्टडच हेडमधून निघून येतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. हेडमधले आटे शाबूत असतील तर नवा स्टड घालता येतो. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून वरच्या नटाने तो फिरवावा आणि हलक्या हाताने तळाला टेकवावा, त्यापुढे जोर लावू नये. स्टड हेडच्या पातळीत तुटला असेल तर मात्र घरच्या ड्रिल मशीनने प्रयोग करू नयेत. ड्रिल जरा तिरका गेला की तो पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतो. साकीनाका, कुर्ला इथल्या गाळ्यांमध्ये लेथवर काम करणारे कारागीर असा स्टड सरळ काढून देतात आणि आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून देतात. माझा स्टड अशाच एका वयस्क टर्नरने काढून दिला. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “नट थांबतो तिथे आपणही थांबायचं.” ती मी अजून पाळतो.

ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर आधी सोडवावा. पाइप खाली उतरवताना त्याचे वजन वायरवर कधीही येऊ देऊ नये. सेन्सर पाइपमध्येच राहू दिला तरी चालतो. तो काढलाच तर त्याच्या टोकाला तेल, ग्रीस किंवा पेस्ट लागणार नाही याची काळजी घ्यावी. पाइप उतरवताना आधी सायलेन्सरचे मागचे बोल्ट सैल करावेत, मग हेडचे नट काढावेत, आणि पाइप एका हाताने धरून शेवटचा बोल्ट काढावा, म्हणजे तो एकदम खाली झुकून स्टड वाकवणार नाही.

जुना वॉशर: सर्वांत जास्त होणारी चूक

पाइप काढल्यावर हेडच्या तोंडात, म्हणजे पोर्टमध्ये, टॉर्चने नीट पाहावे. जुना वॉशर तिथे काजळीने माखून चिकटलेला असतो आणि तो हेडचाच भाग वाटतो. पुष्कळदा तो तसाच राहतो आणि त्यावर नवा घातला जातो. दोन वॉशर एकावर एक आले की पाइप पुढे ढकलला जातो, मागची भोके जुळत नाहीत, माणूस ती बोल्टने ओढून जुळवतो, आणि महिन्याभरात पुन्हा आवाज सुरू होतो. नवा वॉशर लावूनही गळती थांबत नाही अशी तक्रार असली की पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा.

वॉशर काढण्यापूर्वी इंजिन अशा जागी फिरवून ठेवावे की पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असेल. तेव्हा एक्झॉस्टची व्हॉल्व्ह बंद असते आणि काजळीचे तुकडे आत जात नाहीत. पोर्टमध्ये भडक रंगाच्या कापडाचा बोळा घालावा, रंग भडक यासाठी की तो आत विसरला जाऊ नये. मग टोक वाकवलेल्या तारेने किंवा बारीक आकड्याने वॉशर आतल्या कडेकडून थोडा थोडा उचकटावा. स्क्रू-ड्रायव्हर ठोकून काढू नये. वॉशर जिथे बसतो त्या ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा पडला तर नवा वॉशरही तिथे हवा अडवू शकत नाही. जागा पितळी ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ करून घ्यावी. पाइपची कडाही बोटाने चाचपावी. ती चेपलेली किंवा गंजाने खाल्लेली असेल तर त्यावर कोणताही वॉशर टिकणार नाही.

सैल जुळवणी

आता मूळ काम, आणि याला घाई अजिबात चालत नाही.

स्टडचे आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांवर अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर द्यावा. नट शक्यतो नवे घ्यावेत. ते तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी असतील तर पुढच्या वेळी सहज सुटतात. आत नायलॉनची कडी असलेले नट इथे कधीही लावू नयेत, कारण हेडजवळ पाइप काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि ते नायलॉन वितळून जाते. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून बसतात, तेव्हा तिथे पेस्ट हवीच.

नवा वॉशर पोर्टमध्ये ठेवला की पाइप वर उचलेपर्यंत तो खाली पडतो. त्याच्या मागे दोन-तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका द्यावा, तो त्याला धरून ठेवतो आणि पहिल्या स्टार्टला जळून जातो. सांध्यात सिलिकॉनचा डिंक भरण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. हेडजवळच्या तापमानाला तो टिकत नाही आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो.

पाइप उचलून तोंड वॉशरवर सरळ टेकवावे, फ्लँज (पाइपच्या तोंडाजवळची भोकांची पट्टी) स्टडवर सरकवावी आणि दोन्ही नट नुसत्या बोटांनी फिरवून लावावेत. काही गाड्यांत फ्लँज आणि पाइपच्या कडेमध्ये दोन अर्ध्या कड्या असतात. त्या दोन्ही आपल्या खाचेत बसल्या आहेत हे पाहावे. (जुन्या येझदीवर हे प्रकरणच निराळे आहे. तिथे नट-स्टड नसून पंख असलेली एक मोठी आट्यांची कडी असते आणि तिला आकड्याचा खास पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने ती फिरवण्याच्या नादात तिचे पंख तुटलेल्या कितीतरी येझदी मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.)

बेंड पाइप आणि सायलेन्सर वेगळे असतील तर सायलेन्सर आता पाइपवर चढवावा. मधल्या सांध्यात ग्रॅफाइटची नळी असते, ती ठिसूळ असल्याने नवीनच घालावी. सायलेन्सर सरळ ठोकून बसवू नये, हलका पिळा देत पुढे सरकवावा. क्लॅम्प आधीच सैल चढवून ठेवावा आणि त्याच्या बोल्टचे तोंड अशा बाजूला ठेवावे की गाडी उभी असताना पाना तिथे पोहोचेल. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत पाइप आणि सायलेन्सर वेल्डिंगने एकच केलेले असतात, त्यांना ही पायरी लागू नाही.

मग मागचे बोल्ट. इथे सगळ्या कामाची परीक्षा होते. हेडचे नट बोटांनी लावलेले आहेत, पाइप वॉशरवर टेकलेला आहे, अशा स्थितीत सायलेन्सरच्या पट्टीचे भोक आणि फ्रेमचे भोक समोरासमोर आले पाहिजे आणि बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. भोके दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतील तर बोल्टची पाचर करून ती जुळवू नयेत. कारण शोधावे. जुना वॉशर आत राहिला आहे का, रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची कडी) चेपला आहे का, गाडी कधी त्या बाजूला पडली होती का, सायलेन्सर दुसऱ्या मॉडेलचा तर नाही? खड्ड्यात आपटून पट्टी वाकणे ही मुंबईत रोजची गोष्ट आहे. पट्टी काढून व्हाइसमध्ये सरळ करता येते, गरज पडल्यास योग्य जाडीचा वॉशर मध्ये घालता येतो. ताण देऊन बसवलेला पाइप रोज हजारो धक्के खातो आणि शेवटी स्टड, वेल्डिंग किंवा पट्टी यांपैकी जे दुर्बळ असेल ते तडकते.

आवळण्याचा क्रम

सगळे सैल लागले की सायलेन्सर हाताने हलवून त्याला स्वतःची जागा घेऊ द्यावी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा, नाहीतर इंजिनाकडून मागे जावे. पहिल्यांदा हेडचे नट, मग मधला क्लॅम्प, मग इंजिनाजवळचा बोल्ट, आणि सर्वांत शेवटी मागचा. मागचा बोल्ट आधी आवळला तर पाइप त्या बाजूने जखडला जातो आणि हेडच्या नटांना वॉशर चेपण्याऐवजी संपूर्ण सायलेन्सर ओढावा लागतो. नट घट्ट लागल्याचा भास होतो, वॉशर मात्र सैलच राहतो.

हेडचे दोन नट एकाआड एक आवळावेत. एकाला पाव फेरी, दुसऱ्याला पाव फेरी. प्रत्येक दोन-तीन वेळांनंतर फ्लँज आणि हेड यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहावे, डोळ्यांवर भरवसा नसेल तर व्हर्नियरने मोजावे. एक बाजू पुढे गेली तर वॉशर तिरका चेपला जातो आणि नंतर दुसरी बाजू कितीही आवळली तरी तो सरळ होत नाही. फ्लँज हेडला टेकेपर्यंत आवळायची असते असाही एक गैरसमज आहे. बऱ्याच गाड्यांत काम पूर्ण झाल्यावरही ती फट राहते आणि ती राहायलाच हवी.

टॉर्क किती, याचे उत्तर मॅन्युअलमध्ये असते आणि तेच प्रमाण मानावे. ते हाताशी नसेल तर सहा मिलिमीटरच्या स्टडला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि आठ मिलिमीटरच्या स्टडला २० च्या आसपास हा अंदाज धरता येतो. आटे कोरडे असतील असे समजून हे आकडे दिलेले असतात. अँटी-सीझ लावलेले आटे निसरडे होतात आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून आकडा सुमारे २० टक्क्यांनी कमी करावा. म्हणजे १० च्या जागी ८.

टॉर्क पाना नसेल तर सामान तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा घ्यावा, जो गावी किंवा परदेशी जाताना बॅगा तोलायला अनेकांच्या घरी असतो. रिंग पाना नटावर बसवावा, नटाच्या मध्यापासून बरोबर १५ सेंटिमीटरवर काट्याचा आकडा अडकवावा आणि पान्याशी काटकोन ठेवून हळू ओढावे. काटा ६.८ किलो दाखवेल तेव्हा नटावर १० न्यूटन-मीटर पडलेले असतात, ५.४ किलोला ८, आणि १३.६ किलोला २०. ओढण्याची दिशा तिरकी झाली तर हिशोब चुकतो, एवढे लक्षात ठेवावे. ही रीत महागड्या पान्याइतकी काटेकोर नाही, पण ‘हाताचा अंदाज’ या नावाखाली जे स्टड तुटतात ते तिने निश्चित वाचतात. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला हमखास आश्चर्य वाटते, कारण ६.८ किलो म्हणजे फारच थोडा जोर असतो. लांब पाना आणि तरुण मनगट त्याच्या तिप्पट जोर सहज लावून जाते.

मागच्या बोल्टांखाली रबरी बुश आणि त्यांच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट त्या नळीवर टेकेपर्यंत आवळायचा असतो. नळी हरवली असेल तर रबर चेपून सपाट होते आणि इंजिनाची थरथर सरळ पट्टीवर जाते. उष्णतारोधक पत्र्याचे छोटे स्क्रू शेवटी लावावेत. ते खडखडू लागले तर अनेकदा पाइपच सैल असल्याचा भास होतो.

पहिला स्टार्ट

सुरू करण्याआधी पाइप थिनर लावलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. क्रोमवर किंवा स्टेनलेसवर राहिलेले तेलकट बोटांचे ठसे पहिल्या उष्णतेत कायमचे भाजले जातात. ब्रेकचा पेडल, मेन स्टँड आणि सेन्सरची वायर पाइपला कुठे घासत नाही ना ते पाहावे. मागे कुणाला तरी बसवून स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा दांडा) खाली दबल्यावरही जागा उरते का, हेही तपासावे.

इंजिन उघड्यावरच सुरू करावे. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेतो.

गळती तपासण्यासाठी दोन उपाय पुरेसे आहेत. थंड इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करून सायलेन्सरचे तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबावे. सांधे पक्के असतील तर इंजिन गुदमरून बंद पडू पाहते, फट असेल तर ‘फुस्स’ असा आवाज तिथून येतो. आणि दुसरा, पेटलेली अगरबत्ती सांध्याभोवती हळू फिरवावी. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, एखाद्या ठिकाणी तो थरथरत असेल किंवा आत खेचला जात असेल तर गळती तिथे आहे. अर्थात कुठे पेट्रोल झिरपत असेल किंवा त्याचा वास येत असेल तर अगरबत्ती पेटवायचीच नाही. सायलेन्सरच्या तळाशी असलेल्या बारीक भोकातून हवा किंवा पाण्याचे थेंब येतात ते योग्यच आहे. ते भोक साचलेले पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले असते, ते बुजवले तर सायलेन्सर आतून गंजतो.

मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवावा का, असे तरुण मुले मला विचारतात. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) खाली आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याखेरीज, चाळीच्या किंवा इमारतीच्या खिडकीखालून रात्री अकराला जाणाऱ्या गाडीचा आवाज आत झोपलेल्या आजाऱ्याच्या कानी पडतो, हे आपण विसरू नये.

पुन्हा आवळणे

दहा मिनिटे इंजिन चालले की वॉशर उष्णतेने आणखी थोडा चेपतो आणि ज्या टॉर्कला नट लावला होता तो उतरतो. म्हणून इंजिन बंद करून ते पूर्ण थंड होऊ द्यावे, दीड-दोन तास जाऊ द्यावेत, आणि मग हेडचे नट त्याच आकड्याला, त्याच एकाआड एक क्रमाने पुन्हा तपासावेत. पाइप गरम असताना आवळू नये. तापलेल्या अवस्थेत मापे बदललेली असतात आणि मऊ झालेल्या आट्यांवर जोर येतो. पहिल्या तपासणीला नट थोडा फिरतोच, ते चांगले लक्षण आहे. साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर अशीच आणखी एक तपासणी करावी. तेव्हा नट हलला नाही तर सांधा बसला असे समजावे. हललाच तर फ्लँजची फट पुन्हा मोजून पाहावी.

त्यानंतर वर्षातून दोनदा पाना लावून पाहणे पुरते. मी मे महिन्याच्या अखेरीला, पावसाच्या आधी, स्टडच्या उघड्या टोकांना पेस्टचा हात देतो, आणि दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असतानाच, दोन्ही नट ८ न्यूटन-मीटरला तपासून घेतो.